पांढऱ्या क्रूझरचं मधलं इंजिन

आयर्लंडला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या सोसायटीतले लोक हटकून विचारतात, "लंडन पाहिलंत का?" लंडन पाहिलं नाही. डब्लिनही विमानतळ आणि एका बागेतला फेरफटका, एवढंच. दोन महिन्यांच्या मुक्कामातले आठ दिवस मात्र मी त्या देशाच्या उत्तर टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, जर्मन युद्धनौकेवर काम करत घालवले. हे तोंडी सांगायला लागलो की मी इंजिनातच अडकून पडतो, असं सौ.चं म्हणणं. म्हणून तिने लिहून काढायला बसवलं आहे.

मी मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं बॉयलर फिटर होतो. आमची मुलगी शर्वरी आयर्लंडमध्ये नावन गावच्या इस्पितळात डॉक्टर आहे. २०१६च्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. नावन छान आहे. एकसारखी घरं, मागे हिरवळीचा तुकडा, आणि दिवसातून सहा वेळा येऊन जाणारा पाऊस. पण शर्वरी ड्यूटीवर गेली की करायचं काय? पहिल्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलले. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या 'प्रेस'ची, म्हणजे तिकडच्या भाषेत कपाटाची, बिजागरं घट्ट केली. तिसऱ्या आठवड्यात घट्ट करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजू लागलो.

शेजारच्या नूलाबाई सत्तरीच्या. दर शनिवारी घरी भाजलेला काळपट पाव घेऊन येत आणि सौ.शी खाणाखुणांनी तासभर बोलत. एकदा त्यांनी शर्वरीला विचारलं, "तुझे बाबा काय करायचे गं?" शर्वरी म्हणाली, "बोटींचे बॉयलर दुरुस्त करायचे. वाफेचेसुद्धा." नूलाबाईंनी कप खाली ठेवला.

"मग तुझ्या बाबांना आमच्या फर्गसकडे न्यायलाच हवं."

फर्गस त्यांचा थोरला भाऊ, वय एक्याऐंशी. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनियर होता. आता डोनेगॉल परगण्यात समुद्रकाठी एकटा राहतो आणि गेली एकोणीस वर्षं एका जर्मन युद्धनौकेची प्रतिकृती बांधतोय, खऱ्या वाफेवर चालणारी. पण त्याचे डोळे गेले. नूलाबाईंनी बोटाने दाखवलं. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही. त्यातच जहाज चालत नाही.

शर्वरीने आठवड्याची रजा घेतली होती. पश्चिमेचे प्रसिद्ध कडे आम्हाला दाखवायचे, हॉटेलं ठरलेली. "दोन दिवस फर्गसकडे, मग कडे," ती म्हणाली. सौ.ने कोकम, तिरफळं आणि मसाल्याची बरणी पिशवीत घातली. मी माझा चष्मा घेतला आणि सहज म्हणून कानशींची गुंडाळीही.

उत्तरेकडे

वाटेत उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचं राज्य लागतं. मी पासपोर्ट हातात धरून बसलो होतो. फाटक नाही, शिपाई नाही, काही नाही. फलकावरच्या किलोमीटरचे मैल झाले, तासाभराने मैलांचे पुन्हा किलोमीटर झाले, एवढाच काय तो फरक. "झाली सीमा?" सौ.ने विचारलं. दोनदा ओलांडली होती.

डोनेगॉलमध्ये शिरलो तशी जमीन बदलली. झाडं संपली. तपकिरी, जांभळट डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी जमिनीतून कापून काढलेल्या काळ्या विटा वाळत घातलेल्या, आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशा. ही तिथली जळाऊ माती. घराघरांतून तिचा गोडसर धूर येत होता.

मग एका वळणावर खाली पाणी दिसलं आणि शर्वरीने न सांगताच गाडी थांबवली. लॉक स्विली. लॉक म्हणजे सरोवर, पण हे सरोवर नव्हे; समुद्रच डोंगरांमधून कित्येक मैल आत आलेला. मी वेंगुर्ल्याचा. तेरेखोलची खाडी पाहत वाढलो. तरी त्या पाण्याकडे बघतच राहिलो. एका डोंगरावर पाऊस, दुसऱ्यावर ऊन, आणि मधल्या पाण्याचे चार रंग. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारच्या आरमार इथे नांगर टाकून असे, असं नंतर कळलं. मावत असणार.

शेड

फर्गस दारातच उभा होता. उंच, वाकलेला, अंगात जुना निळा डगला. बोलताना तो माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचा. मग लक्षात आलं, त्याला मी तसाच दिसत होतो. त्याने हात मिळवला आणि सोडलाच नाही. अंगठ्याने माझ्या तळहातावरचे घट्टे चाचपले.

"हं," तो शर्वरीला म्हणाला, "खरं बोलली नूला."

चहाआधी शेड. दार सरकवलं, त्याने दिवा लावला, आणि मी दारातच थबकलो.

पांढरंशुभ्र जहाज. नऊ फूट लांब. दोन पिवळसर धुराडी, पुढे आणि मागे दुहेरी तोफांचे घुमट, बाजूंना लहान तोफांच्या रांगा. नाकाडं पाण्याखाली पुढे आलेलं, जुन्या युद्धनौकांचं असायचं तसं. डेकवर लाकडाच्या पट्ट्या, एकेक आगपेटीच्या काडीएवढी रुंद, शेकडो. शिड्या, कठडे, होड्या, होड्यांची वल्हीसुद्धा. पस्तीस वर्षं मी जहाजांच्या पोटात काढली, पण अख्खं जहाज असं नजरेत कधी मावलं नव्हतं. आम्ही गोदीवाले जहाज पाहतो ते आतून, तुकड्यातुकड्याने, ग्रीस लागलेल्या हातांनी. पायातल्या चपला काढाव्यात असं वाटलं. काढल्याही. फर्गसला चपलांचा आवाज ऐकू आला असावा, तो हसला.

रात्रीच्या जेवणाला उकडलेले बटाटे, लोणी आणि मीठ लावून सुकवलेलं मांस होतं. जेवण झालं तरी बाहेर लख्ख उजेड; तिथे उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत अंधार पडत नाही. त्या उजेडात फर्गसने पत्र्याच्या डब्यातून एक पत्र काढलं आणि शर्वरीला वाचायला दिलं. त्याला ते पाठ होतं, पण त्याला ते दुसऱ्याच्या आवाजात ऐकायचं होतं.

पत्र त्याच्या आजोबांचं. आजोबा कोळसा वाहणाऱ्या ब्रिटिश जहाजावर भट्टीत कोळसा टाकणारे खलाशी होते. १९०० साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध बंड उसळलं आणि युरोपातली सगळी राज्यं आपापली जहाजं तिकडे धाडू लागली. जर्मनांनीही आपली पहिली चिलखती क्रूझर धाडली. चिलखती क्रूझर म्हणजे लांब पल्ल्याची आणि तरी अंगावर जाड पोलादी पत्रा वागवणारी युद्धनौका. एका मुत्सद्द्याचं नाव दिलेली ही नौका कीलच्या कारखान्यातून नुकतीच बाहेर पडली होती. सेवेत येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. सुएझमधून, तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यातून, बंदराबंदरात कोळसा भरत ती चीनच्या किनाऱ्याला पोचली.

आजोबांनी ती तिथे पाहिली. सकाळी भट्टीतून वर आलो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि समोरून ती येत होती, लग्नाच्या पोशाखासारखी पांढरी. तिच्या पोटात माझ्यासारखीच माणसं असतील हे माहीत असूनही ती कोणी ढकलल्याशिवाय आपणहून चालली आहे असं वाटलं.

एवढंच. बाकीच्या पत्रात घरच्या गाईची चौकशी होती.

"परतीच्या वाटेवर ते तापाने गेले," फर्गस म्हणाला. "त्यांचा फोटो नाही, कबर नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली अशी एकच वस्तू मला नक्की माहीत आहे. म्हटलं, ती आपणही पाहावी."

शर्वरीने ते मला मराठीत सांगितलं. सौ. उठली आणि तिने त्याच्या ताटलीत आणखी एक बटाटा वाढला.

दुसरा दिवस

सकाळी फर्गसने जहाज घोडीवरच ठेवून वाफ धरली. बॉयलर गॅसच्या ज्योतीवर चालणारा, तांब्याचा, सुबक. खऱ्या जहाजाला तीन इंजिनं आणि पाण्याखाली फिरणारे तीन पंखे होते, म्हणून इथेही तीन. एकेक इंजिन नारळाएवढं. त्याने झडप उघडली. तीनही पंखे हवेत फिरू लागले आणि शेडभर तो आवाज पसरला. मी डोळे मिटले. गोदीत वाफेची इंजिनं केव्हाच बंद झाली. हा आवाज मी तरुणपणी ऐकलेला.

चार मिनिटांनी मधलं इंजिन अडखळलं, दोनदा ठणकलं, थांबलं.

"दर वेळी असंच," फर्गस म्हणाला. "तीनदा खोललं. बेअरिंग बदललं. माझेच डोळे कुठेतरी चुकतायत."

मी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. त्याचं टोक नळीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि पुन्हा इंजिन चालू करायला सांगितलं. हळूहळू टोक सरकवत गेलो. बॉयलरपासून मधल्या इंजिनाकडे जाणारी नळी डेकच्या खालून नेलेली होती, आणि एका जागी तिला झोळ होता. तिथे टोक ठेवलं आणि ऐकू आलं. खुळखुळ. वाफेचं पाणी होऊन झोळात साठत होतं. साठलं की एकदम सिलिंडरमध्ये शिरून पिस्टनला मारत होतं.

इंजिनात दोष नव्हताच. दोष नळीच्या वाटेत होता. नळी वरून, उतार देऊन न्यायला हवी होती, आणि वर डेक होता. मधला दोन हात डेक कापावा लागणार होता, एकेक काडीएवढ्या पट्ट्यांचा. पट्ट्या बसवायला दोन हिवाळे लागले होते हे त्याने कालच सांगितलं होतं. तेव्हा त्याला दिसत होतं.

मी बराच वेळ नळीपाशी वाकून राहिलो. बेअरिंगचं काहीतरी सांगून उद्या निघून जाता आलं असतं. पण गोदीत मला शिकवलेलं एकच: झोळ दिसला तर सांगायचा. मी शर्वरीला म्हटलं, "सांग त्यांना. नळी चुकलीय. डेक कापावा लागेल."

"बाबा!"

"सांग."

तिने सांगितलं. फर्गसने गॅस बंद केला. हात पुढे करून तो डेकवरून एकदा लांब फिरवला, पुढून मागे. मग शेडबाहेर गेला आणि समोरच्या धक्क्याच्या टोकाला पाठमोरा बसला. दुपारी आला नाही. पाऊस आला, तरी तिथेच.

"तुम्हाला काय गरज होती?" शर्वरी माझ्यावर चिडली. "एक्याऐंशी वर्षांचा माणूस आहे तो! एकोणीस वर्षं, बाबा! आता त्याला पुन्हा पट्ट्या लावता येणार आहेत का?"

सौ. बटाटे सोलत होती. तिचं माहेर मालवणचं, मनातलं बोलायचं झालं की ती मालवणीतच बोलते. "खरा सांगलात ता बरा केलात," ती म्हणाली, "पण आता नुसता सांगान भागाचा नाय. हातय लावक होयो."

करवत

तिसऱ्या दिवशी न्याहारीला फर्गस नव्हता. शेडचं दार उघडं होतं. आत गेलो तर तो टेबलाशी उभा, समोर हत्यारं ओळीने मांडलेली. त्याने चाचपत सगळ्यात बारीक पात्याची करवत उचलली आणि मूठ माझ्याकडे केली.

"मला सरळ कापता येणार नाही," तो म्हणाला. "तू काप."

एवढं इंग्रजी मला कळलं. करवत घेतली, पट्ट्यांवर टेकवली आणि पुन्हा उचलली. मोठमोठे बॉयलर उघडले, कधी असं झालं नव्हतं. फर्गसने आपला हात माझ्या मनगटावर ठेवला, घट्ट नाही, नुसता. पहिला दात लाकडात गेला तेव्हा त्याने श्वास आत घेतला आणि कापून होईपर्यंत त्या पंज्याचं वजन तसंच राहिलं.

पश्चिमेचे कडे बघायचे राहूनच गेले. शर्वरीने हॉटेलं रद्द केली आणि रजा दोन दिवस वाढवून घेतली. ती दुभाषी म्हणून बसली खरी, पण चौथ्या दिवसापासून आम्हाला तिची गरज लागेना. हत्यारांना भाषा कमी लागते. मी हात पुढे केला की तो नेमकी कानस द्यायचा. नळी मी वाकवली, डाखही मीच दिला, पण जोड पक्का झाला की नाही ते तो बोटाच्या टोकाने सांगायचा. एका जोडावर त्याने नखाने टिचकी मारून नकारार्थी मान हलवली. मला तो जोड नीट वाटत होता. भिंगातून पाहिलं, केसाएवढी फट होती.

पट्ट्या मी चिकटवायचो, तो चाचपून पास करायचा. दिवसाला बारा-पंधरा व्हायच्या. मधेच तो जहाजाविषयी सांगायचा आणि शर्वरी मला समजावायची. शांघायजवळच्या नदीमुखाशी त्या नौकेने कसा पहारा दिला, चीनच्या किनाऱ्यावरचे किल्ले घेताना ती कशी हजर होती, बंड मोडल्यावर जपानच्या बंदरांतून कशी हिंडली. नऊ वर्षं ती पूर्वेकडेच राहिली, जर्मनांच्या तिथल्या ताफ्याची प्रमुख नौका म्हणून.

"चिनी लोकांना ती लग्नाच्या पोशाखासारखी दिसली नसेल," शर्वरी म्हणाली.

फर्गस थांबला. "नाही," तो म्हणाला. "मी चिमटीत धरून एकेक तोफ बसवली तेव्हा ते डोक्यात असायचं. पण आजोबांनी तोफा पाहिल्या नाहीत. त्यांना ती चालताना दिसली. नंतर मोठं युद्ध झालं, त्यात तर हिने काहीच केलं नाही, शिकाऊ पोरांना शिकवलं. आणि मग भंगारात. कोणाच्या लक्षात राहावं असं काही नाही."

एका संध्याकाळी शेजारच्या कोळ्याने बादलीभर मासे आणून दिले. सौ. ओरडलीच, "अगो बाई, बांगडे!" बांगड्याचेच भाऊबंद, अंगावर निळ्या लाटांची नक्षी. तिथे ते नुसते लोण्यात परततात. सौ.ने कोकम आणि तिरफळं घालून तिखलं केलं. फर्गसने पहिला घास घेतला, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आम्ही घाबरलो. त्याने हाताने थांबवलं, पाणी प्याला, म्हणाला, "ग्रँड," आणि चार बांगडे संपवले. 'ग्रँड' तिथे सगळ्याला म्हणतात, हवेपासून शस्त्रक्रियेपर्यंत, पण हा ग्रँड खरा होता. सौ.ला तो दुसऱ्या दिवशी कृती विचारायला आला.

आठवा दिवस

सकाळी पाणी सपाट होतं. जहाज हातगाडीवरून धक्क्याशेजारच्या वाळूत आणलं. नूलाबाई आदल्या दिवशी बसने आल्या होत्या. मासे आणून देणारा कोळी आपली होडी घेऊन तयार राहिला.

रेडिओ, बटणं असलं काही फर्गसने बसवलं नव्हतं. आजोबांना ती आपणहून चालल्यासारखी वाटली होती ना! सुकाणू थोडंसं वळवून पक्कं बांधलं होतं. इंजिनं नीट चालली तर ती मोठं वर्तुळ घेऊन परत येणार. मधलं बंद पडलं तर तिचा वेग मोडणार आणि बाहेर जाणारी ओहोटी तिला समुद्राकडे घेऊन जाणार. कोळी म्हणाला, पुढे प्रवाह फार जोरात आहे, होडीने गाठता येईलच असं नाही.

फर्गस कंबरेपर्यंत येणारे रबरी बूट घालून पाण्यात उतरला. मी पँट वर दुमडून त्याच्या शेजारी. पाणी असं गार की पाय आपले राहिले नाहीत. वाफेच्या दाबाचा काटा चढला, धुराड्यांतून वाफ आली. त्याने झडप उघडली आणि दोन्ही तळहातांनी तिला हळूच पुढे सोडलं.

ती निघाली. मला सांगता येईल की नाही माहीत नाही. डोंगरांच्या त्या प्रचंड उंचीखाली ती पांढरी वस्तू एवढीशी होती, आणि तरी दहा वार पुढे गेल्यावर तिचं आकारमान कळेनासं झालं. पाण्यावर खरी युद्धनौका चालली होती. नाकाशी पाणी दुभंगत होतं, मागे रेघ उमटत होती, धुराड्यांतून पांढरी वाफ तिरपी मागे जात होती.

फर्गसने माझा दंड धरला. "सांग मला," तो म्हणाला. "काय दिसतंय?"

मी इंग्रजीत सुरुवात केली. व्हाइट. गोइंग. व्हेरी गुड गोइंग. पुढे शब्दच नाहीत. शर्वरीकडे पाहिलं, तर ती तोंडावर हात ठेवून रडत होती.

"तुझ्या भाषेत सांग," फर्गस म्हणाला. "मला कळेल."

मग मी मराठीत बोलू लागलो. म्हटलं, फर्गस, ती आता डाव्या डोंगराच्या सावलीत शिरतेय, पांढरा रंग निळसर झालाय. नाक जरा वर आहे. एक पाणकावळा उडाला तिच्या वाटेतून, घाबरला. आता उन्हात आली बघ, डेक चमकतोय, आपण जोडला तो तुकडा ओळखूही येत नाही. वळतेय. हळू वळतेय. तिला कोणीच ढकलत नाहीये रे. तो कान माझ्याकडे करून ऐकत होता आणि मान ती जिकडे असेल तिकडे बरोबर फिरवत होता.

लांबवर एक मोठी मासेमारीची बोट नांगरलेली होती. जहाज तिच्यामागे गेलं. मी थांबलो. तिला सोडून पाच मिनिटं तरी झाली असतील. पाण्यावर वाऱ्याची सुरकुती आली. ती दुसऱ्या बाजूने बाहेर यायला हवी होती. येत नव्हती. कोळ्याने होडीची दोरी सोडली.

"का थांबलास?" फर्गसने विचारलं.

मी बोटीच्या टोकाकडे बघत होतो. मराठीतही काही सुचेना.

फर्गसने माझा दंड सोडला. डोकं एका बाजूला कलतं केलं, डोळे मिटले. मला फक्त पाण्याचा आवाज येत होता. तो मात्र ऐकत राहिला, आणि मग त्याने हात वर केला. आधी एक बोट. मग दुसरं. मग, बऱ्याच वेळाने असं मला वाटलं, तिसरं.

"तिन्ही चालतायत," तो म्हणाला.

नंतर ती मला दिसली. बोटीच्या आडून बाहेर पडून, वर्तुळ पुरं करत, सरळ आमच्याकडे येत होती. मी ओरडलो, सौ. ओरडली, नूलाबाईंनी सौ.ला मिठी मारली. फर्गस एकटा शांत होता. तो आणखी पुढे गेला, छातीपर्यंत पाण्यात. दोन्ही हात पुढे केले, तळवे उघडे. मी त्याला डावीकडे, उजवीकडे असं काही सांगणार होतो, पण सांगितलं नाही. ती आली आणि तिने आपलं नाक त्याच्या हातांत ठेवलं.